मी आठेच व्हतू

दिवाळी होऊन दोनेक आठवडे झाले असतील. सकाळचे पावणेआठ. त्या वेळेला हायवेने पूर्वेकडे निघालं की ऊन थेट डोळ्यांत येतं, काचेवरची धूळ पेटल्यासारखी चमकते आणि पुढचा रस्ता तिच्याआड जातो. दाणाबाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेबाचे कागद पोचवायचे होते, म्हणून त्या दिवशी सरळ एमआयडीसीकडे न जाता चौकातून डावीकडे गावात वळायचं होतं. चौकाच्या थोडं अलीकडे एक सायकलवाला दिसला. साठीकडे झुकलेला माणूस, डोक्याला निळा रुमाल, हँडलला कापडी पिशवीत डबा, पॅडल मारताना उजवा गुडघा जरा बाहेर फेकायची लकब. एवढं सगळं मला आजही आठवतं, म्हणजे मी त्याला चांगला पाहिला होता. मी त्याच्या पुढे गेलो, इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि वळलो. वळतानाच डाव्या अंगाला रबर रिमवर घासल्याचा खर्रकन आवाज आला. थांबलो. तो एक पाय जमिनीला टेकून उभा होता. त्याचं पुढचं चाक माझ्या गाडीपासून वीतभर लांब होतं आणि उजवा पंजा बॉनेटवर पालथा टेकलेला होता. लागलं कुणालाच नव्हतं. मी काच खाली केली. आता शिव्या बसणार आणि आपण त्या निमूट ऐकून घ्यायच्या, अशी मनाची तयारीही केली. त्याने पंजा उचलला, कलंडलेला डबा सरळ केला आणि म्हणाला, “भाऊ, मी आठेच व्हतू.”

मी इथेच होतो.

एवढं बोलून तो पॅडलवर पाय देऊन सरळ निघून गेला. मागच्यांचे हॉर्न सुरू झाले म्हणून मीही निघालो. कागद पोचवले, चहा घेतला, दालमिलवर जाऊन दिवसभर आकडे लिहिले. बॉनेटवर धुळीत त्याच्या पंजाचा ठसा उमटला होता, पाचही बोटं स्पष्ट. संध्याकाळी गाडी पुसायला फडकं घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. तो ठसा पुढे आठवडाभर तिथेच होता.

त्याने शिवी दिली असती तर मी कदाचित दोन दिवसांत विसरलो असतो. शिवीला मनातल्या मनात उत्तर देता येतं. ‘मी आठेच व्हतू’ याला काय उत्तर देणार? खरंच तो तिथे होता. मी त्याला पाहिलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती. पाहिलं, ओलांडलं, आणि ओलांडल्याबरोबर माझ्यापुरता तो संपला. जे मागे पडलं ते गेलं, असं गाडीत बसलेल्या माणसाचं मन धरून चालतं. पण मी वळायसाठी वेग कमी केला होता, त्याने नव्हता केला. साधी चाल धरलेली सायकल ताशी पंधरा किलोमीटरने जाते, म्हणजे सेकंदाला चार मीटर. मी इंडिकेटर देऊन, समोरची रिक्षा जाईपर्यंत रेंगाळून वळेस्तोवर पाच सेकंद गेले असतील. तेवढ्यात तो वीस मीटर पुढे आला आणि बरोबर माझ्या डाव्या दाराशी पोचला. तो आपल्या सरळ वाटेने चालला होता, वाट त्याचीच होती, आणि मी ती पुढून कापली. आपल्याकडे याला कट मारणं म्हणतात. कट मारणारी ती पोरं, बुलेटवरची, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

माझे वडील, नाना, भुसावळला रेल्वेत होते. तीस वर्षं सायकलवर कामाला गेले. भोंगा झाला की कारखान्याच्या दारातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. घंट्यांचा आवाज एकात एक मिसळून जायचा, आणि त्या गर्दीत नानांची सायकल मला लांबून ओळखू यायची, कारण तिच्या मागच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टा ते दर दिवाळीला नव्याने रंगवायचे. घराला चुना देऊन झाला की उरलेला पांढरा ऑइलपेंट, एक बारका ब्रश आणि अंगणात उलटी उभी केलेली सायकल. आई म्हणायची, सायकल काय नवरी आहे का? नाना काही बोलायचे नाहीत. त्या काळात पालिकेचा बिल्ला सायकलला लागायचा, रात्री बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस हवा सोडून द्यायचे, डबलसीट दिसलं की खाली उतरवायचे. आम्हा पोरांना तो जाच वाटायचा. आज वाटतं, कुणीतरी सायकलीकडे तेवढं लक्ष तरी देत होतं.

नानांच्या सायकलला डायनॅमो होता. मागच्या टायरला टेकवला की घूं असा आवाज करत पुढचा दिवा लागायचा. जितकं जोरात पॅडल, तितका उजेड. पण चौकात थांबलं की चाक थांबायचं आणि दिवा जायचा. जिथे चारही बाजूंनी गाड्या येतात, जिथे आपण दिसायची सगळ्यांत जास्त गरज, नेमका तिथेच अंधार. नाना म्हणून रात्री चौकात कधी भर रस्त्यात थांबायचे नाहीत. पानटपरीच्या नाहीतर किराणा दुकानाच्या उजेडात जाऊन उभे राहायचे, पाठीमागून येणाऱ्याला आपला आकार दिसेल असे. मी डांडीवर बसलेलो असायचो. टपरीवरच्या कातचुन्याचा आणि अगरबत्तीचा मिसळलेला वास अजून नाकात आहे. तेव्हा वाटायचं, नाना पानाच्या वासासाठी थांबतात.

तो ठसा बॉनेटवर होता त्याच आठवड्यात मी माडीवरून सायकल खाली काढली. माझीच, कॉलेजातली. दोन्ही ट्यूब गेल्या होत्या, चेन गंजून आखडली होती. चौकाच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने दोन दिवसांत ती चालती केली. व्यायामासाठी का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. खरं कारण सांगता येईना. मला त्या माणसाच्या जागेवरून तो चौक बघायचा होता.

ज्यांनी जळगाव पाहिलंय त्यांना सांगायला नको. गाव हायवेच्या दोन्ही अंगांना पसरलंय. खोटेनगर, शिवकॉलनी, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, असा सुरतेकडून आलेला रस्ता घरांच्या मधून नागपूरकडे जातो. शाळा या बाजूला तर घर त्या बाजूला, दवाखाना तिकडे तर मेडिकल इकडे. काही ठिकाणी खालून बोगदा झालाय, बाकी ठिकाणी ओलांडायचंच. गाडीतून हेच चौक मला गेली पंधरा वर्षं फक्त थांबायची ठिकाणं म्हणून माहीत होते. सायकलवर बसल्यावर कळलं की चौकाला जमीन असते. गिरणेची वाळू वाहणारे डंपर वळताना मूठ-मूठ वाळू सांडून जातात, आणि ती नेमकी वळणाच्या आतल्या कडेला साचते. गाडीच्या टायरला तिचं काही नाही. सायकलचं चाक तिच्यावरून तिरपं गेलं की खालून कुणी चादर ओढल्यासारखं घसरतं. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती तसंच करते. थंडीत कापसाच्या गाड्या जातात, बाभळीच्या काट्यांना कापूस लटकलेला असतो, हवेतही तरंगतो, डोळ्यांत जातो. डोळा चोळायला एक हात सोडला की सायकल डुलते, आणि डुलण्यापुरतीसुद्धा जागा कडेला उरलेली नसते.

पहिले दहा-बारा दिवस मी अगदी कडेने चालवायचो, डांबर संपून खडी सुरू होते तिथून. वाटायचं, जितकं कडेला तितकं सुखरूप. चौकात मात्र उलटं झालं. मी कडेला सरकलो की मागच्या गाडीला वाटतं, याने जागा दिली. ती त्याच फटीतून पुढे घुसते आणि डावीकडे वळते. एकदा रिक्षा, एकदा आयशर, एकदा माझ्यासारखीच पांढरी गाडी. मग एका सकाळी मनाचा हिय्या करून चौकाच्या पन्नास पावलं आधीच मागे वळून पाहिलं, हात दाखवला आणि कडा सोडून गाडीच्या वाटेच्या मध्यावर आलो. छाती धडधडत होती. मागचा कारवाला हॉर्न वाजवत राहिला, पण मागेच राहिला. चौक ओलांडल्यावर मी पुन्हा कडेला झालो आणि तो पुढे निघून गेला. त्याचे फार तर सहा-सात सेकंद गेले असतील. त्या हॉर्नचा मला राग आला नाही. त्याला मी दिसत होतो, याची ती पावती होती.

धाकटी नववीत आहे. तिला क्लासला सायकलने जायचं होतं. मैत्रिणी जायच्या, आणि दर वेळी पप्पांनी सोडायचं याची तिला लाज वाटायची. मी आठ महिने टाळत आलो होतो. एका रविवारी तिला म्हटलं, चल, आधी एक खेळ करू. घरासमोर गाडी उभी केली, मी आत बसलो, आरसे नीट केले आणि तिला म्हटलं, सायकल हातात धरून गाडीभोवती सावकाश फिर, आणि मी दिसेनाशी झालीस म्हणालो की थांब. ती मागून निघाली. मधल्या आरशात दिसली, मग डाव्या आरशात, ओढणीसकट स्पष्ट. मागच्या दाराशी आली आणि आरशातून पुसली गेली. “थांब.” “पप्पा, मी इथेच आहे की!” तिचा आवाज अगदी कानाशी होता. मान पूर्ण डावीकडे फिरवली तेव्हा मागच्या काचेत तिची वेणी दिसली. तशीच पुढे आली, पुढच्या दारापाशी पुन्हा दिसली, आणि गाडीच्या पुढे तिरकी जाऊन पाच-सात हातांवर उभी राहिली तेव्हा परत नाहीशी झाली. काच आणि दार यांच्यामध्ये जो पत्र्याचा उभा खांब असतो, त्याच्याआड माझी पोरगी सायकलसकट मावली. मी डोकं वीतभर पुढे केलं, ती दिसली. मागे घेतलं, गेली.

डोकं पुढे, आहे. डोकं मागे, नाही.

मग जागा बदलल्या. ती माझ्या सीटवर बसली, पाय पॅडलपर्यंत जेमतेम पोचत होते, आणि मी सायकल घेऊन फिरलो. “पप्पा, गेलात,” ती म्हणायची, मी थांबायचो. “आलात.” खडूने मी ते सगळे ठिपके फरशीवर काढले. गाडीच्या डाव्या अंगाला ठिपक्यांची एक पट्टी झाली, पुढे तिरकी दोन वर्तुळं. तिने त्यांना नाव दिलं, ‘विहिरी’. संध्याकाळी शेजारच्या पोरांनी त्याच ठिपक्यांवर लंगडी घातली. पण तिच्या तोंडी तो शब्द बसला. आता रस्त्यात कुठे मोठी गाडी दिसली की ती बघून सांगते, हिची विहीर कुठून कुठवर आहे.

ट्रकची विहीर मी एकटाच पाहून आलो. टपरीवर केळी भरलेला एक ट्रक उभा होता, रावेरहून निघालेला. ड्रायव्हर चहा पीत होता. त्याला म्हटलं, दोन मिनिटं वर बसू द्या. आधी त्याला संशय आला, मग कारण ऐकून त्यानेच हात देऊन वर ओढलं. माझी सायकल मी डाव्या पुढच्या चाकाशी लावून आलो होतो. वर बसल्यावर ती नव्हतीच. नाकासमोर उभा माणूससुद्धा बुटका असला तर दिसत नाही, तो म्हणाला. आणि मग एक गोष्ट त्याने चहाच्या ग्लासानेच दाखवली. डॅशबोर्डवरून ग्लास वळवत म्हणाला, पुढचं चाक कोपऱ्याला वळसा घालून जातं, पण मागचं चाक त्याच्या मागोमाग येत नाही, ते कोपरा आतून कापतं. गाडी जितकी लांब तितकं जास्त आत. पुढचं चाक लांबून गेलं म्हणून सायकलवाला निवांत उभा असतो, आणि मागचं येतं. नंतर मी चौकाच्या कोपऱ्यावर जाऊन पाहिलं. फुटपाथचा कडेचा दगड तिथे फुटलेला आहे आणि त्यावर काळ्या रबराचे ओरखडे आहेत, एकावर एक. शाळा सुटल्यावर पोरं नेमकी तिथेच सायकली घेऊन उभी असतात, कारण तिथे निंबाची सावली पडते.

आणि सावली सोडा, हे म्हणायला आपल्याकडे तोंड होत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा उन्हात उभं राहून गाडीची वाट बघणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच माहीत. डांबर मऊ पडतं, चपलेला चिकटतं. पोरी ओढणीने तोंड, डोकं, कान सगळं गुंडाळून घेतात, फक्त डोळ्यांची फट उरते. माणसं उपरणं तसंच बांधतात. उन्हापासून वाचायला दुसरा इलाज नाही, पण त्या गुंडाळण्यात बाजूचं दिसत नाही आणि मागचं ऐकू येत नाही. मी धाकटीला सांगितलं, ऊन लागू नये म्हणून डोक्यावर घे, पण कान मोकळे ठेव आणि चौकात नुसते डोळे फिरवू नकोस, मान फिरव. सांगितलं खरं. मेमध्ये स्वतः तसं जाऊन पाहिलं तेव्हा कानाच्या पाळ्या संध्याकाळपर्यंत भाजल्यासारख्या ठणकत होत्या.

नाना उजवीकडे कधी वळायचेच नाहीत. लहानपणी मला हे फार चमत्कारिक वाटायचं. आजीच्या घरी जायचं तर चौकातून उजवीकडे वळायचं, सगळे हात दाखवून भर रस्त्याच्या मध्यात घुसतात. नाना मात्र डाव्या कडेने सरळ चौक ओलांडायचे, पलीकडच्या कोपऱ्यावर उतरायचे, सायकल उजवीकडे तोंड करून उभी करायचे, आणि त्या बाजूची वाहनं निघाली की त्यांच्याबरोबर निघायचे. एका वळणाचे दोन सरळ रस्ते. मी डांडीवरून विचारायचो, नाना, असं लांबून का? “लांबून नाही, उशिरा,” ते म्हणायचे. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की डेन्मार्कमध्ये सायकलवाल्यांना असंच वळायचा कायदा आहे. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, म्हणून त्यांचं ते डावं वळण, एवढाच फरक. भुसावळच्या माझ्या बापाला तो कायदा कुणी सांगितला नव्हता. त्याच्या डांडीवर मी बसलेलो होतो, एवढं त्याला पुरेसं होतं.

थांबून मग ओलांडायचं तर किती जागा लागते, तेही नानांचंच. सिग्नल नसेल तिथे ते खांब मोजायचे. येणारी गाडी चार खांब लांब असेल तर जायचं, तीनवर असेल तर राहू द्यायचं. मी ते हिशेबाने करून पाहिलं, सवयच ती. उभ्या सायकलवरून निघून वीसेक मीटर रस्ता पार करायला मला सात सेकंद लागतात. साठच्या वेगातली गाडी एका सेकंदाला जवळपास सतरा मीटर येते, म्हणजे सात सेकंदांत एकशे सतरा मीटर. दिव्यांच्या दोन खांबांत साधारण तीस मीटर धरले तर चार खांब. नानांना सेकंद-मीटर कधी लागले नाहीत. पण त्यांच्या वेळी साठने येणारं वाहन दिवसातून एखादं असायचं. आता ऐंशीने येतात, आणि नानांचे चार खांब मला धाकटीसाठी सहा करावे लागले. सहा खांब मोकळा हायवे सकाळी आठला मिळतो कुठे? ती कधी कधी दहा-दहा मिनिटं उभी असते. क्लासला उशीर झाला की सर ओरडतात. तिने मला तसं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, ओरडू दे. पण हे उत्तर तिला पटलेलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

आणि मलाही ते पुरतं पटलेलं नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटतं, चौदा वर्षांच्या पोरीला मी विहिरी ओळखायला शिकवतो, खांब मोजायला शिकवतो, वाळूवर ब्रेक मारू नको, ट्रकच्या डावीकडे उभी राहू नको, एकतर ड्रायव्हरला दिसशील एवढी पुढे जा नाहीतर सरळ त्याच्या मागे थांब, असं पढवतो. विहिरी माझ्या गाडीला आहेत आणि त्यांची राखण तिने करायची. नेदरलँडमध्ये १९७१ साली रस्त्यावर तीन हजारांवर माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. तिथले आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांनी चळवळीला नावच दिलं, मुलांचे खून थांबवा. अपघात नाही म्हणाले, खून म्हणाले. पुढे त्यांचे चौक हळूहळू बदलले. कोपऱ्यावर उंचवट्याची छोटी बेटं आली, त्यामुळे वळणाऱ्या गाडीला मोठा वळसा पडतो, वेग आपोआप उतरतो, आणि सायकलवाला तिच्या बाजूला नाही, समोर येतो. सायकली थांबायची रेघ गाड्यांच्या पुढे आखलेली असते. म्हणजे नाना जे टपरीच्या उजेडात उभं राहून करत होते, ते तिथे दगड-सिमेंटात बांधून दिलंय. आपल्या चौकात तसं एक बेट घालायला किती सिमेंट लागेल, हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडलाय. फार होत नाही. वॉर्डातल्या मेंबरला दाखवला, त्यांनी फोटो काढून घेतला. मी अजून विचारायला जातो.

तोपर्यंत धाकटीला शिकवण्यावाचून माझ्या हातात दुसरं काय आहे? गाडी चालवताना एक केलंय. डावीकडे वळायचं असेल तर चौकाच्या आधी कुठल्याच सायकलच्या पुढे जात नाही. तिच्या मागे राहतो, ती गेली की वळतो. मागून हॉर्न बसतात.

माघ लागला तेव्हा तो माणूस पुन्हा दिसला. मी सायकलवर होतो, तोच चौक, तीच वेळ. आधी गुडघा ओळखला, मग निळा रुमाल. पुढे वाळूचा डंपर उभा होता आणि हा त्याच्या बराच मागे, वाटेच्या मधोमध, एक पाय टेकून. मी शेजारी जाऊन थांबलो. बोलू की नको, असं फार वेळ झालं. मग सांगून टाकलं. काका, दिवाळीनंतर इथेच एका गाडीने तुम्हाला कट मारला होता. तुम्ही बॉनेटवर हात ठेवलात. ती गाडी माझी.

तो माझ्याकडे बघत राहिला. आठवायचा खरोखर प्रयत्न करत होता, कपाळावर आठी पडली होती.

“धवळी व्हती का?”

हो, म्हटलं.

“धवळ्या ते समद्याच राहतस,” तो म्हणाला. त्याला आठवत नव्हतं. मी तीन महिने जे उशाशी घेऊन झोपत होतो, ते त्याच्याकडे शिल्लकच नव्हतं. तसं त्याला रोज कुणी ना कुणी करत असणार. मला माफी मागायची होती, पण ज्याला आठवतच नाही त्याच्याकडे ती मागायची कशी, हे कळेना. मग विचारलं, कुठे कामाला? चटईच्या कारखान्यात, म्हणाला, बावीस वर्षं झाली. गाव पारोळ्याकडचं. माझ्या सायकलकडे त्याची नजर गेली. सीट खाली आहे तुमचं, गुडघे जातील, म्हणाला. मग डंपरच्या आरशाकडे बोट करून म्हणाला, “त्या आरसामा ड्रायव्हरनं तोंड दिसाले जोयजे. तोंड नही दिसनं ते त्यालेबी आपन दिसत नही.” मी मान वाकवून पाहिलं. माझ्या जागेवरून आरशात नुसतं आभाळ होतं. त्याने मला हाताने हातभर उजवीकडे सरकवलं. आरशात एक मिशी आली, मग डोळे.

डंपर धूर सोडत डावीकडे वळला. मागची चाकं फुटक्या दगडावरून गेली, दगड करकरला. मी पॅडलवर पाय ठेवला. “थांबा जरासा, जाऊ द्या त्याले,” तो म्हणाला. डंपर गेला. त्याच्यामागून एक गाडी डावा इंडिकेटर लावून आमच्या पाठीशी येऊन टेकली, पांढरीच. त्याने मागे न बघता डावा हात लांब केला, पंजा खाली, बोटं फाकलेली, आणि निघाला. मी त्याच्या मागे. मधे वाळू होती, माझं चाक डुललं, सावरलं. मी पलीकडे पोचेपर्यंत त्याने तो हात खाली घेतला नाही.